सिलिंडर तीन दिवस जास्त कसा पुरला?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आईच्या हातच्या तीन नोंदी कायम असतात: दुधाचे खाडे, इस्त्रीला दिलेले कपडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख. तारखेभोवती गोल आणि बाजूला 'सि.' अशी त्या शेवटच्या नोंदीची खूण. गेल्या मे महिन्यात बहीण लेकीला घेऊन महिनाभर राहायला आली. घरात एरवी आम्ही चौघं, आता झालो सहा. आधीचा सिलिंडर चौघांना ३६ दिवस पुरला होता. मी तोंडी हिशोब केला, चार गुणिले छत्तीस, भागिले सहा, आणि आईला सांगितलं, "हा चोविसाव्या दिवशी संपणार. नंबर लावून ठेव."

संपला सत्ताविसाव्या दिवशी. तोवर भरलेला सिलिंडर तीन दिवस दारामागे अडचण करत उभा होता आणि येता-जाता त्याला पाय लागला की आई माझ्याकडे बघत होती.

गुणाकार-भागाकार तर बरोबर होता. मग हे तीन दिवस आले कुठून?

मी केला तो हिशोब म्हणजे त्रैराशिक, त्यातही व्यस्त. तीन राशी माहीत असतात, चौथी काढायची असते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त या राशींना प्रमाण (माहीत असलेली राशी), फल (तिचं माहीत असलेलं उत्तर) आणि इच्छा (जिचं उत्तर काढायचं ती राशी) अशी नावं आहेत. इच्छा वाढली की फल घटत असेल तर त्रैराशिक व्यस्त करायचं, असा नियम आहे आणि त्याच्या जागाही सांगितल्या आहेत: जनावराचं वय आणि त्याचं मोल, सोन्याचा कस आणि वजन, वगैरे. एका उदाहरणात बैल आहे. दोन वर्षं जू ओढलेल्या बैलाला चार निष्क (तेव्हाचं नाणं) मिळतात, तर सहा वर्षं ओढलेल्याला किती? उत्तर, एक पूर्णांक एक तृतीयांश निष्क. कामाची वर्षं आणि किंमत यांचा गुणाकार प्रत्येक वेळी आठच.

आता हेच सूत्र नुकत्या जुंपलेल्या बैलाला लावून बघा. एकच महिना जू ओढलेल्या बैलाची किंमत ९६ निष्क येते! बाजारात एवढे कोण मोजेल? सूत्र दोन ते सहा वर्षांच्या टप्प्यात शहाण्यासारखं वागतं, त्याच्या बाहेर गेलं की उधळतं. भास्कराचार्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ते पद्धत शिकवत होते, बैलबाजार चालवत नव्हते. पण आपण शाळेत एवढंच शिकून बाहेर पडतो की एक वाढलं आणि दुसरंही वाढलं तर समप्रमाण, एक वाढून दुसरं घटलं तर व्यस्तप्रमाण. इथेच गफलत होते. वाढतं की घटतं हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: किती, आणि ते 'किती' सगळीकडे सारखंच आहे का?

हा दुसरा अर्धा भाग नीट बघायचा तर मुंबईच्या रिक्षात बसावं. रिक्षा सुटते तेव्हा मीटर २६ रुपयांवर असतो आणि पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत तिथेच राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेला दर असा: दीड किलोमीटरपर्यंत २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर घ्या, उभ्यावर भाडं. सुरुवातीला आडवी, सपाट रेघ येईल. दीडपाशी ती वळेल आणि सरळ तिरकी चढत जाईल. हा चढ म्हणजेच ते 'किती'. तिसऱ्या किलोमीटरला १७.१४ आणि नवव्यालाही १७.१४, म्हणून रेघ सरळ. जे बदलतं त्याला गणितात चल म्हणतात. इथे अंतर हा एक चल, भाडं हा दुसरा, आणि दीडच्या पुढे दोघांना बांधणारं सूत्र असं:

भाडं = २६ + १७.१४ × (अंतर − १.५)

यातली एक गंमत माझ्या बरीच वर्षं लक्षात आली नव्हती. तिरकी रेघ पट्टी धरून मागे, शून्य अंतरापर्यंत नेली तर ती उभ्या अक्षाला कुठे भेटते? २६ मधून १७.१४ ची दीडपट, म्हणजे २५.७१ वजा करा. उरतात २९ पैसे. रेघ जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. म्हणजे रिक्षात 'बसण्याचे' वेगळे पैसे नाहीतच. २६ रुपये म्हणजे दीड किलोमीटरचंच भाडं, पुढच्या रुपयापर्यंत नेलेलं. एक किलोमीटर जा की दीड, तेवढे द्यायचेच. म्हणून पाच किलोमीटरला ८६ आणि दहाला १७२, बरोबर दुप्पट. दीडच्या पुढे त्रैराशिक बिनधास्त लावा. मध्यरात्रीनंतर सव्वापट भाडं होतं तेव्हा तीच रेघ जास्त उभी होते, एवढंच. आणि सिग्नलला अडकलात तर वेटिंग नावाचा तिसरा चल शिरतो. त्याला या कागदावर जागाच नाही.

रेघ पुढे-मागे वाढवून ती उभ्या अक्षाला कुठे भेटते ते बघायची ही सवय लागल्यावर मी सिलिंडरकडे परत वळलो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. पहिली सुधारणा अशी केली की 'किती दिवस पुरला' हा आकडा बाजूला ठेवून 'रोज किती जळला' तो काढला. ३६ दिवस म्हणजे रोज साधारण ३९४ ग्रॅम, २७ दिवस म्हणजे रोज ५२६. ही दिसते त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. दिवसांचा आलेख काढला तर वाकडी रेघ येते आणि वाकड्या रेघेकडे नुसतं बघून तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. योग्य चल निवडला की पुष्कळदा तीच माहिती सरळ रेघेवर येऊन बसते, आणि सरळ रेघ आपल्याला वाचता येते.

चार माणसं, ३९४. सहा माणसं, ५२६. दोन माणसं वाढली आणि १३२ ग्रॅम वाढले, म्हणजे माणशी ६६. आता चार माणसांचे चार सहासष्ट २६४ वजा करा ३९४ मधून. १३० उरतात. हे १३० ग्रॅम कोणाच्या पानात जातात?

कोणाच्याच नाही. कुकरच्या शिट्ट्या वरण वाढलं म्हणून वाढत नाहीत. तवा तापायला लागतो तेवढा वेळ लागतोच, मग पोळ्या बारा असोत की अठरा. चुलीचा असा एक ठरलेला खर्च आहे आणि माझ्या त्रैराशिकाने तोही माणसांत वाटून टाकला होता. तीन दिवस तिथून आले.

रोजचा गॅस = १३० + ६६ × माणसं

पण घाई नको. दोन ठिपक्यांतून सरळ रेघ जातेच, त्यात माझी काही हुशारी नाही. परीक्षा तिसऱ्या ठिपक्याची. कॅलेंडरची पानं मागे उलटली. आत्या राहायला होती, म्हणजे पाच माणसं, तेव्हाचा सिलिंडर सापडला. सूत्राप्रमाणे रोज ४६० ग्रॅम, म्हणजे ३१ दिवस पुरायला हवा होता. पुरला होता ३०. एका दिवसाचा फरक मी खुशीने मान्य केला. घरातल्या माहितीत एवढी इकडची-तिकडची ओढाताण असायचीच. पाचही जण रोज दोन्ही वेळ घरी जेवले असतील असंही नाही.

मग सापडला दिवाळीचा सिलिंडर. माणसं चारच, आणि २९ दिवसांत खलास. रोजचे ४९० ग्रॅम! रेघेच्या कितीतरी वर, एकटा लोंबकळणारा ठिपका. आईला विचारावं लागलं नाही. चकल्या, शेव, शंकरपाळे, अनारसे, आणि अर्धा फराळ पुढे नातेवाइकांच्या डब्यांतून गेलेला. कढईतलं तेल तासन्‌तास तापत ठेवायचं तर माणसं मोजून काय उपयोग?

अशा ठिपक्याचं करायचं काय, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. मी गंमत म्हणून चारही ठिपके कॉम्प्युटरला दिले आणि त्यांच्यातून सगळ्यात जवळून जाणारी रेघ मागितली. त्याने निमूट काढून दिली: माणशी ४१ ग्रॅम आणि ठरलेला खर्च २७६ ग्रॅम. म्हणजे एका चकलीच्या ठिपक्यामुळे पाहुणे एक तृतीयांशाहून जास्त स्वस्त झाले, आणि रिकाम्या घरातही रोज पाव किलोच्या वर गॅस जळू लागला. कॉम्प्युटरला फराळ माहीत नाही. (तसं रिकाम्या घरात माझ्या सूत्राचे १३० ग्रॅम तरी कोण जाळणार? कुलूप लावलेल्या घराला हे सूत्र लागू नाही. ते चार ते सहा माणसांपुरतं आहे, भास्कराचार्यांच्या बैलासारखंच.) दिवाळीचा ठिपका मी खोडला नाही. वेगळ्या रंगाने ठेवला आणि शेजारी 'फराळ' लिहिलं. खोडला असता तर दिवाळीच्या तोंडावर गॅस संपून पंचाईत झाली असती, आणि तसाच रेघेत घेतला असता तर उरलेल्या वर्षाचा हिशोब बिघडला असता.

फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच दाखवायला आकड्यांचे चार संच बनवले होते. प्रत्येकात अकरा ठिपके. चारही संचांत आडव्या चलाची सरासरी ९, उभ्याची ७.५. चारही संचांतून जाणारी रेघ एकच: ३ पासून सुरू, चढ अर्धा. दोन चल एकमेकांना किती धरून चालतात ते सांगणारा सहसंबंधाचा आकडाही चौघांचा सारखाच, सुमारे ०.८२. नुसते हे आकडे हातात दिले तर चौघे जुळे भाऊ म्हणाल. कागदावर मांडा. पहिल्यात ठिपके रेघेच्या अवतीभवती नीट पसरलेले आहेत. दुसऱ्यात ती रेघच नाही, सुबक कमान आहे. तिसऱ्यात सगळे ठिपके शिस्तीत एका रेघेवर, फक्त एक भलतीकडे, म्हणजे आमची चकलीच. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत आणि अकरावा लांब कोपऱ्यात. त्या एकट्याच्या जिवावर अख्खी रेघ तिरकी झालेली. आधी आलेख, मग आकडा, हा क्रम मी तरी तेव्हापासून मोडत नाही.

सरळ रेघेत मन रमतं, पण रोजच्या व्यवहारातल्या बऱ्याच गोष्टी वाकड्या रेघेवर चालतात आणि आपण त्यांना सरळ समजून फसतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग घ्या. लांबी ९४.५ किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने तो पार करायला साडेचौऱ्याण्णव मिनिटं लागतात. ८० ने ७१, १०० ने ५७, १२० ने ४७. प्रत्येक वेळी वेग वीसनेच वाढवला, पण वाचलेली मिनिटं बघा: आधी २४, मग १४, मग जेमतेम साडेनऊ. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. आलेख आधी धाडकन खाली येतो आणि मग पसरट होत जातो. शंभरवरून एकशेवीसला जाणाऱ्याला (सपाट भागातही कारला मर्यादा १०० चीच आहे, हे सोडा) वाटतं की आपण मघाइतकाच वेळ वाचवतोय. वाचलेला तेवढा वेळ फूड मॉलवर एका वडापावच्या रांगेत जातो.

याच वेगाला आणखी एक आलेख चिकटलेला आहे, आणि तो उलटा वागतो. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेक तेच, रस्ता तोच, तरी ८० च्या मानाने १०० ला हे अंतर दीडपटीहून जास्त होतं आणि १२० ला सव्वादोनपट. एका कागदावर दोन्ही रेघा काढून बघाव्यात. फायद्याची रेघ पसरट होत चालली आहे, धोक्याची उभी होत चालली आहे, आणि पाय त्याच एका पेडलवर आहे.

विजेच्या बिलाचा आलेख या दोन्हींसारखा नाही. तो तुकड्या-तुकड्यांचा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, असे टप्पे असतात. शंभरावं युनिट ओलांडलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं सोसायटीच्या जिन्यात दर महिन्याला कोणीतरी सांगतंच. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटना. रेघ १०० पाशी मोडते आणि जास्त उभी होते, पण उडी मारत नाही. ९९ चं १०१ झालं म्हणून गीझर बंद करून थंड पाण्याने आंघोळ करायची गरज नाही.

आणि चहा. चहाचा चढ कशावर ठरतो? वेळेवर नाही, उरलेल्या फरकावर. न्यूटनने १७०१ साली मांडलेला नियम असा की गरम वस्तू निवण्याचा वेग तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. समजा खोली ३० अंशांवर आहे आणि कपात चहा ८० वर. फरक ५०. कप असा धरू की पंधरा मिनिटांत हा फरक निम्मा होतो. मग पंधरा मिनिटांनी चहा ५५ अंश, अर्ध्या तासाने साडेबेचाळीस, पाऊण तासाने सव्वाछत्तीस. आधी २५ अंश गेले, मग साडेबारा, मग सव्वासहा. म्हणूनच चहा 'आत्ता तर गरम होता' आणि बघता बघता कोमट होतो, पण कोमटाचा गार व्हायला मात्र ताटकळत बसतो. आमचे आजोबा चहा बशीत ओतून प्यायचे. त्यांनी न्यूटन वाचलेला नव्हता. बशीत चहाचा पृष्ठभाग मोठा होतो, वाफही जास्त जाते, आणि ती पंधरा मिनिटं बरीच कमी होतात. ढोबळमानाने वळणाची जात तीच, फक्त ते आखूड झालं.

एवढं सगळं मोजून झाल्यावर एक खोड लागते: जिथे दोन रेघा बरोबर चढताना दिसतात तिथे एकीने दुसरीला ओढलं असं वाटू लागतं. मुंबईत ज्या दिवशी छत्र्या जास्त विकल्या जातात त्या दिवशी लोकल जास्त उशिरा धावतात. आलेख काढा, ठिपके छान तिरके चढतील. म्हणून छत्रीविक्री थांबवली तर साडेआठची जलद गाडी वेळेवर येणार आहे का? दोघींच्या मागे पाऊस उभा आहे. प्राथमिक शाळेत चपलेचा नंबर आणि पाठ असलेले पाढे यांचंही असंच. मोठ्या मापाची चप्पल घातलेल्या मुलाला जास्त पाढे येतात, कारण तो सहावीत आहे. सिलिंडरमध्ये मला कारण माहीत होतं, चूल डोळ्यांसमोर होती. पेपरात 'अमुक खाणाऱ्यांना तमुक होतं' वाचतो तेव्हा चूल दिसत नाही. तेव्हा मी आधी पाऊस शोधतो.

आता गणपती येताहेत. दहा दिवस घरात आठ माणसं. सूत्र चार ते सहापुरतंच आहे हे मीच वर सांगितलंय, पण नंबर तर लावायलाच हवा, म्हणून रेघ थोडी पुढे ताणली: १३० अधिक ६६ गुणिले ८, रोज ६५८ ग्रॅम. दहा दिवसांचे साडेसहा किलोच्या थोडे वर. उरलेले सात किलो सहाशे ग्रॅम चौघांना एकोणीस दिवस. म्हणजे आदल्या दिवशी नवा सिलिंडर लावला तर एकूण २९ दिवस जाईल. आलेख काढून, वेगवेगळ्या रंगांचे ठिपके घालून मी तो आईसमोर धरला. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, दिवाळीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात मोदक धरलेस का?"